एकसष्टावा नमस्कार

आबा, तुमच्या तालमीचं छत पुन्हा गळतंय, आणि काल सकाळी गावातले चार जण माझ्या ओट्यावर येऊन बसले होते. चैत्री पौर्णिमेला मारुतीपुढे परत नमस्कार घालायचे, घरोघर बोली लावायची, जमेल त्यात छत करायचं, आणि त्या दिवशी तिथे तुमची तसबीर लावायची. हार वस्तादांच्या लेकीने घालावा म्हणे. "तसबीर उंबऱ्यापाशी आणू आम्ही, तुम्हाला आत यावं लागणार नाही," असं त्यांतला एक फार अदबीने म्हणाला. मी त्यांना पाणी दिलं, चहा केला नाही. हे पत्रही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहिते आहे. तुमच्यासाठी नवा कागद खर्च करावा असं वाटलं नाही.

नमस्कार मला तुम्हीच शिकवलेत. तुम्हाला मुलगा नव्हता, ती हौस माझ्यावर भागवलीत. आई चुलीवर भाकरी थापते आहे, मागच्या अंगणात सडा अजून ओला आहे, आणि तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणता, "कंबर पडू देऊ नको." मी मॅट्रिक झाले तेव्हा खापरच्या बाजारात पेढे वाटलेत, ओळख ना पाळख अशांनासुद्धा. त्याच वर्षी पावसाळ्यात तालमीचं छत बसलं. पुरुष मंडळी वर्गणीसाठी थेट अक्कलकुव्यापर्यंत हिंडून आली आणि घेऊन काय आली, तर 'पाहू, पिकं येऊ द्या' एवढंच. तुम्ही ताटावर बसला होतात. मी म्हटलं, रोख पैसा पुरुषांकडे असतो, पण कणगी बायकांच्या हातात असते. मारुतीपुढे एकशे आठ नमस्कार, आणि एका नमस्काराला घरामागे एक मूठ ज्वारी, अशी बोली लावा. तुमचा घास हातात राहिला. मग मी माझी अट सांगितली: छत झालं की दुपारचे दोन तास तालीम मुलींना द्यायची. तेव्हा ती रिकामीच असते.

"छत होऊ दे," तुम्ही म्हणालात, "दुपारना पोरीसले दिसूत."

दुपार मुलींना देऊ, या तुमच्या एका वाक्यावर मी पंधरा दिवस उन्हात घरं पुजली. बायका थट्टा करायच्या. शेजारची काकू सुपात ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "तुन्हा बापना पठ्ठ्या नमस्कार घालतीन, आनि ज्वारी मन्ही जाई? तू घाल ना माय! तू घालशी तर मी पायलीभर दिसू." दुसरी म्हणाली, "हिना बाप हिले घालू दी तव्हय ना!" मी घरी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "घाल ना. तुले कोन ना म्हनस?" हे तुमचे शब्द आहेत, आबा. मी एक अक्षर बदललेलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आखाड्याची माती खणली, आणि रिवाजाप्रमाणे तिच्यात घालायला घराघरांतून ताक गेलं, हळद गेली, तेल गेलं. बायकांनी गाडगी उंबऱ्यावर ठेवायची, पुरुषांनी आत न्यायची. आमच्या हातचं ताक आत पहिलवानांच्या अंगाला लागतं, आमचं पाऊल मात्र आत लागायचं नाही. मी मारुतीचं नाव घेतल्याशिवाय आजही पाणी पीत नाही, पण हा नियम त्याने केला असेल असं मला कधी वाटलं नाही.

आत तुमचे पठ्ठे, आणि पिछाडीला निंबाखाली, घोंगड्यांचा आडोसा करून, लुगड्याचा काचा मारलेली मी. माझे नमस्कार बायका मोजतात. आधी हळू, मग चेव चढतो तसा मोठ्याने. "साठ! एकसष्ट!" आत मोजणारा अजून चाळीस-बेचाळीस आकड्यापर्यंतच आला होता, तोही त्या भरात "एकसष्ट" म्हणून गेला. पठ्ठे गोंधळले, कुणी थांबलं, कुणी हसलं. नंदुरबारहून आलेल्या पाहुण्याने विचारलं, "वस्ताद, बाहेर कोण आहे?" तुम्ही "माझी लेक" म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही घोंगडी बाजूला केलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "बस कर. घर जाय, भाकरी टाक. पाव्हना भुक्या शेतस."

मी गेले. वीस माणसांच्या भाकरी केल्या. तुमच्या पानात तूप वाढलं. ज्वारी मात्र तुम्ही प्रत्येक घरातून एकशे आठ मुठींची, पुरी, घेतलीत. काकू माप ओतताना म्हणाली, "मन्ही ज्वारी मारुतीले चालस, पोर चालत नही. वा रे देव!" तुम्ही पोत्याचं तोंड बांधलंत. छत झालं. दुपारचं विचारलं तर म्हणालात, "आखो तीच गोष्ट?" आणि त्या रिकाम्या दुपारी तिथे तुमच्या कापसाची गाठोडी राहिली. वैशाखात माझं लग्न लावून दिलंत.

तुमच्यामागे हे घर माझ्याकडे आलं. त्याच चुलीपाशी मी बसते. कालच्या चौघांना मी सांगितलं की हार नाही, ज्वारी नाही. मुलींची दुपार पंचांसमोर कबूल करा, तोवर आमच्या गल्लीतून ताकाचा थेंब येणार नाही. माती कोरडी खणा. "वस्तादांना काय वाटलं असतं!" असं एक जण म्हणाला. मी म्हटलं, तेच वाटू दे.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, तुम्हाला धाडायला पत्ता असता तरी ठेवलं असतं. कारण एक गोष्ट मी कोणालाही कळू दिलेली नाही, काकूलासुद्धा नाही. एकसष्टाव्याला माझे दंड थरथरत होते. तुम्ही "बस कर" म्हणालात तेव्हा मला आतून हायसं वाटलं होतं. आजही पहाटे देवघरापुढे, दार लावून, मी एकसष्ट नमस्कार घालते. बासष्टावा निघतो की नाही, ते मी अजून पाहिलेलं नाही.