सोमवारी परत गेलेला नवरदेव

पोंभुर्णा, शनिवार

तीर्थरूप रंभाआत्यास,

प्रफुलचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (या खेपेला जरा जास्त वेळ ठेवलं आहे, कारण पुढे कळेलच.) गुडघा कसा आहे? मोहाच्या तेलाने उतार पडला का? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

बुधवारी तू चिमूरला झिंगूजींच्या रंजीताशी माझी पसंती करून दिलीस आणि शुक्रवारी ती मोडायला आली. दोष माझाच. दुकानाच्या मागच्या खोलीतल्या एकाच सर्व्हरवर मी तीन गिऱ्हाइकांचा डेटा सांभाळतो: गुणवंतरावांची राईस मिल, मोहर्लीच्या धनराजचा होमस्टे आणि रीताबाईंचं वधू-वर सूचक मंडळ. तू प्रत्येक धानाचं बियाणं वेगळ्या पोत्यात, चिठ्ठी बांधून ठेवतेस. मी आळशी, रोज तिघांचा मिळून एकच बॅकअप घ्यायचो. गुरुवारी मिलच्या माणसाने धानाची अख्खी यादी पुसली. गुणवंतराव म्हणाले, "सोमवारचं आणून दे ना बाबू, मले तेवढंच पाह्यजे." मी आणून दिलं. ते खूश होऊन मला चहा पाजून गेले. त्यांच्याबरोबर बाकीचे दोघेही सोमवारी जाऊन बसलेत, हे मात्र मला कळलं नाही.

धनराजकडचं सोमवारनंतर झालेलं बुकिंग गेलं आणि एका खोलीसाठी दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी राहिली. (त्याने एकांना स्वतःचं घर दिलं आणि आपण बायकोमुलांसह सासुरवाडीला गेला. हा जाणार कधी, असं सासरा सकाळपासून तीनदा मला विचारतोय.) पण खरा घोळ मंडळात. रीताबाईंनी बुधवारी माझ्या नावापुढे 'जमले' लिहिलं होतं. सोमवारी मी मोकळाच होतो. मग काय, शुक्रवारी सकाळी मंडळाच्या मशीनने आपणहून माझा फोटो पाच घरी पाठवला, त्यातलं एक घर झिंगूजींचं! मूल गावचं एक कुटुंब तर थेट दुकानात मुलगा बघायला येऊन बसलं. झिंगूजींचा फोन आला, "काऊन जी, आमची पोरगी पसंत केली, अन् अजून पोरी पाहूनच राह्यले?"

आत्या, मला रंजीताच हवी. चहा देताना तिने विचारलं होतं, "तुमी काम काय करता?" आणि मी छाती फुगवून म्हणालो होतो, "लोकांचं सांभाळून ठेवतो." ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता तिघांचे बॅकअप वेगळे, वेगळ्या नावांनी ठेवतो आणि परत आणायच्या आधी बाजूला उघडून बघतो.

तुझाच,
प्रफुल

ता.क. झिंगूजींकडे जाऊन समजावशील? ते तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. सर्व्हरचं काढू नकोस, बियाण्याचं सांग.

ता.क. २. पाकीट चिकटवणार तोच रंजीताचा फोन आला. "बाबांले मी सांगतलं, तुमी भेऊ नका. पण तो बुधवार पहिले परत लिहून घ्या. अन् एक कागदावरबी लिहून ठेवा." दोन्हीकडे लिहिला. म्हणजे तुला जायची गरज उरली नाही. तरी जा आत्या, आणि मला सोबत ने. एकट्याने जायला मला निमित्त नाही. गुडघा दुखत असेल तर गाडीवर नेतो. दुखत नसेल तरी दुखतो म्हण.