टंकलेखनाच्या तासाला पेन्सिल दिल्याबद्दल खुलासा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग.

विषय: कारणे दाखवा नोटिशीस उत्तर, व तिसरीतील एका विद्यार्थिनीस उत्तीर्ण करणेबाबत.
संदर्भ: मुख्याध्यापकांची नोटीस, जावक क्र. ४१ किंवा ४७ (अंक लागत नाही).

महोदय,

१. अर्जदार या शाळेत एकोणीस वर्षे सुलेखन शिकवीत होती. जूनमध्ये सुलेखनाचा तास बंद होऊन टंकलेखनाचा सुरू झाला व तो अर्जदाराकडेच आला. त्यासाठी टेबले आली, टेबलांवरची आच्छादनेही आली. यंत्रे अद्याप यायची आहेत.

२. तास रिकामा जाऊ नये म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं. पुठ्ठ्यावर कळफलक काढून द्या की!" अर्जदाराने हात दाखवून अवलक्षण करून घेतले. डोळ्यांत तेल घालून अठ्ठेचाळीस कळफलक काढले. मुले रोज त्यांवर बोटे आपटू लागली.

३. सहामाहीला बाहेरून परीक्षक आले. एकाच्याही टंकलेखनात चूक दिसली नाही, कारण टंकलेखनच दिसले नाही. निकाल शंभर टक्के लागणार होता. परंतु शिंपीकाम करणाऱ्या बाईंची मुलगी वेळ संपली तरी थांबेना. परीक्षकांनी विचारले, "एवढं काय लिहितेस?" ती म्हणाली, "आजीला पत्र. संपलंच आता." मग तिने पुठ्ठा उलटा करून झटकला, खालून पाहिला आणि विचारले, "पण ते बाहेर कुठून येतं?"

४. वर्गात कोणी हसले नाही. मुलीचा चेहरा एवढासा झाला. अर्जदाराला राहवले नाही. पर्समधली पेन्सिल व हजेरीपटाचे कोरे पान तिने मुलीपुढे ठेवले. मुलीने जीभ बाहेर काढून, खोडत-गिरवत अर्धे पान लिहिले. परीक्षकांनी तिला 'यंत्राविषयी अनादर' या कारणाने नापास केले. तसा विषय गुणपत्रिकेत नव्हता, तो हाताने वाढवावा लागला.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदारास नोटीस मिळाली. यंत्र नसल्याने ती मुख्याध्यापकांनी स्वहस्ते लिहिली आहे. अर्जदाराने ती तीनदा वाचली. शिपाईमामांनी उजेडात धरून वाचली. तीत 'निलंबन' आहे की 'निवेदन', यावर शिक्षक-खोलीत दोन तट पडले. शेवटी खुद्द मुख्याध्यापकांना दाखविली असता त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला व म्हणाले, "मी लिहिलंय म्हणजे गंभीरच असणार." सबब अर्जदार आजपर्यंत कामावर येत आहे. निलंबन झाले असल्यास तसे सुवाच्य अक्षरात कळवावे. मुख्याध्यापकांची तयारी असल्यास अर्जदार त्यांना मधल्या सुट्टीत गिरवायला बसवील.

६. पेन्सिल दिल्याचा आरोप अर्जदारास मान्य आहे. पत्रावर तिकीट लावून ते पेटीत टाकले, हेही नोटिशीत नसल्यास वाढवावे. मात्र मुलीस उत्तीर्ण करावे. तिने चूक केली नाही. तिने फक्त लिहिलेले दिसावे अशी अपेक्षा केली. गेल्या मंगळवारी आजीचे उत्तर आले. मुलगी ते दप्तरात ठेवत नाही, फ्रॉकच्या खिशात ठेवते.

निर्णय काहीही झाला तरी तो वाचता यावा, इतकीच विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
माजी सुलेखन, आजी टंकलेखन शिक्षिका
दि. ९ डिसेंबर

सोबत:
१) मूळ नोटीस. आपणास अक्षर लागल्यास अर्थ कळवावा.
२) पुठ्ठ्याचा कळफलक, एक नग.
३) आजीचे पत्र पुराव्यादाखल मागितले होते. मुलीने दिले नाही.