डोंगराचा फोटो काढताना

सर, आज तुमच्यावर चिडलेय, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कॅमेरा डोळ्याला लावला की मागून तुमचा आवाज येतोच, "चौकटीच्या कडा बघ. मधलं कोणीही बघतं." स्टुडिओत पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक नसलं की तुम्ही मला कामाला लावायचात. जुन्या लग्नपत्रिकेत चौकोनी खिडकी कापायची आणि तिच्यातून आठवडाभर एकच डोंगर बघायचा, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. रद्दीतून आणलेली परदेशी फोटोग्राफरांची पुस्तकं समोर टाकायचात. "ह्या बाबानं इथे काय काय गाळलंय ते सांग." पानावर जे नाहीच ते मी कुठून सांगणार? कपाळ माझं! त्र्यंबक रस्त्याकडच्या त्या डोंगराचा पहिला फोटो घेऊन आले, तर चष्मा वर करून म्हणालात, "हा डोंगर आहे की भाजीबाजार? विजेची तार, म्हैस, टपरी, सगळं कोंबलंयस. आपण मराठीत फोटो काढतो गं, भरत नाही. नको ते काढून टाक, उरतो तो फोटो." घरी जाऊन रडले होते मी.

परवा त्याच डोंगरासमोर उभी होते. पायथ्याशी फार्महाऊसचे प्लॉट पडलेत, त्यांच्या जाहिरातीचे फोटो काढायचे होते. वर्षभराचं काम. हल्ली साखरपुडे-बारशांचे फोटो जो तो मोबाइलवर काढतो, त्यामुळे मला ते हवंच होतं. डोंगराची एक बाजू पोकलेननं खरवडलीये, सोलवटलेल्या गुडघ्यासारखी लाल माती उघडी पडलीये. ऊन उतरत चाललंय आणि प्लॉटवाले साहेब अगदी पाठीशी उभे. "मॅडम, तेवढं ते खोदकाम काढा ना फोटोतून. बाकी एक नंबर!" पाय आपोआप डावीकडे सरकतात, मी खाली बसते, आंब्याची फांदी बरोबर त्या लाल मातीवर येते. कडा स्वच्छ. ढगाची सावली उतारावरून सरकायची वाट बघते, श्वास धरते आणि बटण दाबते.

साहेब स्क्रीनवर वाकले. "वा! कुदळसुद्धा लागली नाही म्हणतील लोक. दिवाळीनंतर उरलेला डोंगरही निघेल, तेव्हा हाच फोटो चालवू."

माझं डोकंच सणकलं. "आणि लोक राहायला आले की डोंगर कुठून दाखवणार?"

"मॅडम, तुम्ही फोटो काढा. डोंगराचं आम्ही बघतो."

काम हातातून जाणार हे कळत होतं, तरी त्यांच्यादेखत तो फोटो डिलीट केला. उठून उजवीकडे गेले आणि सगळं घेतलं, माती, पोकलेन, तार, टपरी. "हाच मिळेल," म्हटलं. साहेब गाडीत जाऊन बसले. संध्याकाळी मेसेज आला, दुसरा फोटोग्राफर बघितलाय.

सर, गाळायला शिकवलंत, पण कुठे थांबायचं ते नाही सांगितलंत. त्याचाच राग आलाय, आणि भांडायला तुम्ही नाही. काम गेल्याचं घरी सांगितलं, ते निभेल कसंतरी. घरी जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. पुसलेला तो फोटो मी आजवर काढलेल्यांत सगळ्यात चांगला होता. तुम्हालासुद्धा नाव ठेवायला जागा मिळाली नसती. परवापासून मी सारखी मेमरी कार्ड लावून बघतेय, चुकून कुठे राहिला असेल का म्हणून.