चिंचोक्यांचा धूर

घुग्घुस, मंगळवार, दिवेलागण

मी सांगून राह्यली, नात प्राची लिहून राह्यली. कॉलेजात तिले धुराच्या परवान्यांचा बाजार खेळ मांडून शिकवतात. आज घरी चिंचोक्यांवर खेळलो. जितके चिंचोके, तितका धूर सोडायची मुभा. माझी सिमेंटची भट्टी, तिची कागदाची मिल. तिनं आपला धूर कमी केला, उरलेले चिंचोके मले विकले. अंगठेबहाद्दर मी, पण भट्टी दणकून चालवली.

“जमलं आजी! दोघींचा मिळून धूर मर्यादेतच.”

“तुह्या हिशोबात, बाई. माह्या भट्टीजवळ कोण राह्यते?”

आतल्या खोलीत माझा लेक, तिचा बाप, खोकत होता. तो गावातल्या खऱ्या सिमेंटच्या भट्टीवरच कामाले आहे.

“मंग भट्टी बंदच करते,” मी म्हटलं.

“अन् बाबाची नोकरी?”

खेळातली भट्टी ना बंद केली, ना पुढं चालवली. चिंचोके अजून माह्या मुठीतच आहेत.