डावखुरा गुप्तहेर

रविवार, किन्हवली

अजून डोक्यातून जात नाही. आमच्या आवडत्या गुप्तहेराच्या सगळ्या सिनेमांची क्रमवारी लावायला आज मी आणि दादा बसलो होतो. पहिल्या नंबरावरून आमची जुंपली, तेवढ्यात तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "पयला नंबर, ज्यात तो डावखुरा होता त्या सिनेमाचा."

"आई, तो कुठल्याच सिनेमात डावखुरा नाय गो," दादा हसला.

"मी बघलाय. डाव्या हातानं पिस्तूल धरायचा."

फोनवर जुने सिनेमे लावून बघितले. सगळीकडे उजवाच हात. मग विचारलं, तू बघितलास कुठं? तर म्हणे जत्रेतल्या तंबूत, लग्नाआधी. पुरुष पडद्यासमोर बसायचे, बायांना पडद्याच्या मागं बसवायचे. म्हणजे आईनं अख्खा सिनेमा उलटा बघितला! मी फोन कपाटाच्या आरशासमोर धरला. आरशात पिस्तूल डाव्या हातात आलं.

"हाच तो!" आई जवळजवळ ओरडलीच.

"आई, खरा तो उजव्या हाताचाच आहे," दादा म्हणाला.

"असंल तुमच्या बाजूनं," म्हणत तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

मला मात्र वेगळंच आठवलं. लहानपणी मी डाव्या हातात पेन्सिल धरली की सगळे ओरडायचे. एकटी आई आडवी यायची. "ऱ्हाऊ दे. डाव्या हाताची माणसं लय हुशार असतात." एवढी खात्री हिला कुठून, हे कोडंच होतं मला.

क्रमवारीत आईचाच सिनेमा पहिला लिहिला. डाव्या हातानं.