मामाच्या गाडीचं बेअरिंग

तिसगाव, रविवार

तीर्थरूप भागवतदाजी,

गोरक्षनाथाचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, गाडी सोडून. तुमचा गुडघा आता वाकतो का? ताईला म्हणावं, गोड जपून खा. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही आधी पोटभर हसून घेता आणि मग ताईकडे देता.)

कळलं की ज्ञानेश्वरीला घरून मंगल कार्यालयात न्यायला तुम्ही भाड्याची पांढरी गाडी ठरवताय. हे मला पटलं नाही. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं. ही पोर लहानपणी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर उभी राहून "माझ्या लग्नाला हीच गाडी" म्हणायची, आणि मी दर वेळी हो म्हणायचो. तो शब्द मोडला तर मला तिच्यामागे उभं राहायची लाज वाटेल, हे सरळच सांगतो.

गाडी उत्तम आहे. फक्त पुढच्या चाकातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा. बिभीषणाने कान लावला आणि सांगितलं, डाव्या चाकाचं बेअरिंग. (बिभीषण म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो, आता विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो.) मोटारीचं बेअरिंग तो ओढून काढतो, डिझेलात धुतो, ग्रीस भरतो आणि परत बसवतो. "गाडीचं काय येगळं हाय? बेअरिंग ते बेअरिंग," म्हणाला. पाथर्डीच्या गॅरेजवाल्याने बजावलं होतं की चाकातलं बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, काढताना आतून मार खातं, काढलं की नवीनच घालायचं. आम्हाला वाटलं, त्याला नवीन खपवायचं असेल.

ट्रॉलीच्या जॅकने दाबून पाहिलं, मग घणाने ठोकलं. निघालं, पण एक कडी आतच चिकटून राहिली आणि छर्रे अंगणभर झाले. (एक छर्रा कोंबडीच्या चोचीतून हिने सोडवला.) कडी उपटली, सगळं धुतलं, जुळवलं, ग्रीस भरलं आणि बेअरिंग आकसावं म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं, हिच्या श्रीखंडाशेजारी. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. ज्या लोखंडी घरात ते बसतं ते चुलीवर तापवलं आणि बेअरिंग अलगद आत गेलं. बिभीषणाने मला टाळी दिली.

रस्त्यावर गाडी काढली तर आवाज दुप्पट. मूळचा आवाज उजव्या चाकाचा होता, दाजी. डावं चांगलं होतं. आता तेही बोलतं.

असो. भाड्याची गाडी रद्द करा, ही विनंती.

आपला मेहुणा,
गोरक्षनाथ

ता. क. बँड फक्त नवरदेवापुढेच का वाजावा? मुलींनी काय पाप केलंय? घरापासून कार्यालयापर्यंत आपल्या पोरीपुढेही वाजू द्या, न थांबता आणि गाडीला अगदी चिकटून. (बँडमागे गाडी पायी चालीने जाते, बेअरिंगला तेवढंच झेपेल.)

आणखी ता. क. गाडी तुमच्या राहात्यापर्यंत टेम्पोत घालून आणतोय. तुमच्या घरामागच्या गल्लीत उतरवू. तेवढा वेळ ताईने पाहुण्यांना पुढच्या दारी बोलण्यात गुंतवावं.

शेवटचं. ज्ञानेश्वरीला यातलं काही सांगू नका, असं लिहिणार होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला. बिभीषणाने सगळं सांगून टाकलंय. म्हणाली, "मामा, ढकलत न्यावी लागली तरी न्या, पन मी तुमच्याच गाडीत बसनार." मी लगेच फोन हिच्याकडे दिला. तेव्हा दाजी, बँडवाले जरा दणकट बघून ठरवा.