जरा परतून घेतलं

७ जाने., बुधवार

लाकूड खाल्लं आज. वर लिंबू पिळून.

काल शाळेतून येताना त्या नव्या फ्रोझनच्या दुकानात शिरले होते. मनूनं पुण्याहून व्हिडिओ पाठवून पाठवून डोकं खाल्लंय. ‘आई, ट्यूना स्टेक कर. दहा मिनिटांत जेवण. रोज शाळेतून आल्यावर ओट्याशी उभी राहतेस ते बंद कर.’ लेकीला आईच्या पायांची काळजी, बरं वाटलं. दुकानदाराला विचारलं, ट्यूना म्हणजे आपला कुपाच ना? तर म्हणाला, “कुपाच मॅडम. पन कुपा म्हटलं की कोण घेत न्हाय.”

रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. आज बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवला. दोन्ही तुकडे कापडानं कोरडे केले. मीठ, मिरपूड, तीळ. एका बाजूला एक मिनिट, दुसऱ्या बाजूला एक मिनिट. वरून खरपूस, मधे गुलाबी पट्टी. अगदी व्हिडिओतल्यासारखं जमलं, एकटीच हसले. ताटलीत काढले आणि बेल वाजली. शेजारच्या काकू, हळदीकुंकवाला कधी बोलावताय विचारायला. त्यांना वाटेला लावून आत येते तर तुकडे पुन्हा तव्यावर आणि वि. उलथनं घेऊन उभा.

“कच्चं हुतं की गं. आत निस्तं लाल. जरा परतून घेतलं.”

जरा! काळपट करडं झालं होतं. दाताखाली चोथा. त्यानं मात्र मिटक्या मारत खाल्लं आणि वर म्हणाला, “आता कसं, शिजल्यागत लागतंय.”

मी माझा चोथा लिंबू पिळून संपवला. (या वहीत नवऱ्याला एकेरीच लिहिणार. तोंडावर ‘अहो’ आहेच जन्माचं.)

९ जाने., शुक्र.

आज हेडसरांनी ऑफिसात बोलावलं. वाटलं पाचवी ब चं काहीतरी. तर संस्थेच्या चंदगडच्या शाळेचे मुख्याध्यापक महिनाअखेर रिटायर होतायत आणि सेवाज्येष्ठतेत आता पहिलं नाव माझं. “संस्थेकडून विचारणा येईल मॅडम, विचार करून ठेवा.”

विचार काय करायचा त्यात? इतकी वर्षं दुसऱ्यांनी लावलेल्या तासांना घंटा झाली की पळतेय. एकदा तरी एक शाळा माझ्या मनासारखी चालवून बघायची आहे. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली प्रयोगशाळेतच असेल अशी. खोली घेऊन राहीन. शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी, सोमवारी पहाटे परत. माहेर गडहिंग्लजचं, तिकडचा पाऊस आणि तिकडची माणसं मला नवी नाहीत. आत्ता काजूला मोहर असेल.

वि. त्याच्या मोटार-रिपेअरच्या दुकानातून आल्यावर सांगितलं. हातावर मोटारीचं ग्रीस, साबण लावता लावता म्हणाला, “बघू की. गडबड काय हाय?”

बघू की. म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण हो म्हणाला नाही तसा नाहीही म्हणाला नाही.

११ जाने., रवि.

वि. चं मटण. सकाळी स्वतः जाऊन आणलं, स्वतः वाटण वाटलं, पातेलं चढवलं आणि पहारा. मी मीठ बघायला झाकणाला हात लावला तर हातच धरला, “झाकण काढू नको, वाफ जाती! मटणाला टाईम द्याय लागतो.” शेजारचे दोघे जेवायला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सगळ्यांच्या नाकातून पाणी. “विलासराव, हात हाय तुमचा!” झालं उत्तम, ते नाकारत नाही.

पण त्याच्या पातेल्याचं झाकण कुणी उचलायचं नाही आणि माझ्या तव्यात कुणीही उलथनं घालायचं, हे कसं?

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ दिला, घेतला. गोड बोलले. पुरे.

१६ जाने., शुक्र.

पुन्हा आणला कुपा. हट्टानं.

या वेळी आधीच बजावलं. “हे बघा, हा मासा असाच खायचा असतो. आत गुलाबी राहिला म्हणजे बिघडला नाही. दोन मिनिटं या तव्याला हात लावू नका.” वि. नं दोन्ही हात वर केले, पोलिसानं धरल्यासारखे. हसलेही मी. तवा तापला, तुकडे टाकले, पलटले, गॅस बंद केला. भात वाढायला वळले. तेवढ्यात खण्ण आवाज.

झाकण ठेवलं होतं. गरम तव्यावर, वर झाकण. आत वाफ. उचलून बघितलं तर सगळं करडं, कडेनं पाणी सुटलेलं.

“म्या हात लावला का? निस्तं झाकण ठेवलं.”

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, भाताचा डाव ओट्यावर आपटला एवढं आठवतंय. तो म्हणतो, “तुझ्या पोटात दुखलं तर?”

“माझं पोट आहे ना?”

“आन दवाखान्यात कोण न्हेनार?”

नेईल हो नेईल, तेही खरं. माझ्या आईला पॅरालिसिस झाला तेव्हा गडहिंग्लजहून गाडीत मांडीवर डोकं घेऊन हाच आला होता, दुकान बंद ठेवून. म्हणून तर जास्त चीड येते. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं.

पण मासा मेला, त्याला पुन्हा मारायची गरज काय होती?

१९ जाने., सोम.

घरी आल्या आल्या लिहितेय, चप्पल पायातच आहे.

मधल्या सुट्टीत फोन. जयसिंगपूर शाखेचे चौगुले सर. सेवाज्येष्ठतेत माझ्यानंतरचे. आवाजात नुसता गुळाचा पाक. “मॅडम, आभार मानावेत म्हणून फोन केला. आपण चंदगडला नाही म्हणालात म्हणून आमच्यापर्यंत आलं. कंबर कशी आहे आता?”

माझी कंबर! दोन वर्षांपूर्वी आठवडाभर धरली होती. चौगुले सरांना माझी कंबर कुणी सांगितली?

मी म्हटलं, सर, मी कुणालाही नाही म्हणालेले नाही. पलीकडून, “तसं... संस्थेचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले... बघा काय ते, आमचं काही म्हणणं नाही.” फोन ठेवला. त्यांचा काय दोष.

पुढचे दोन तास ‘उष्णतेचे वहन’ शिकवलं.

तोच दिवस, संध्याकाळी

वि. नाकारतही नाही! चहा ओतून घेत सांगतो, “अगं, सेक्रेटरी तालमीत भेटले. म्हणाले, वैनींचं काय करायचं? म्या म्हटलं, कंबर हाय तिची, एवढ्या लांब न्हाय जमायचं. त्यात काय एवढं? तुला तोंडानं न्हाय म्हणाय अवघड गेलं असतं. म्या जरा सांभाळून घेतलं.”

तोच ‘जरा’. तोच आवाज, तेच उलथनं हातात असल्यासारखं उभं राहणं. त्या दिवशी परतून घेतलं, आज सांभाळून घेतलं.

“मी नाही म्हणणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मग काय व्हय म्हणणार हुतीस?”

खरंच नवल वाटलं होतं त्याला. चेहऱ्यावर दिसत होतं. याच्या डोक्यात माझं ‘हो’ शिजलेलंच नव्हतं, म्हणून यानं

नको. उद्या.

२० जाने., मंगळ.

डबे भरले, दोघांचे. त्याच्या डब्यात कालचीच भाजी घातली, मुद्दाम.

आठवत बसले. माझी लुना विकली तेव्हाही ‘जरा जुनी झालती’. एम.एड. ला नाव घालायचं ठरलं होतं, तेव्हा ‘मनू जरा मोठी हुंदे’. मनू मोठी झाली, पुण्याला गेली, पगारही घेते. एम.एड. राहिलंच. हॉलचा रंग मी आकाशी सांगितला, रंगारी येऊन बदामी लावून गेला. एकेक गोष्ट एवढीशी. भांडावं तर आपणच हलक्या ठरतो. आणि प्रत्येक वेळी तो गोडच बोललाय, कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही वेळेवर चढवला असता.

मला राग आलाय. साधा, सरळ राग. तो नीट लिहून ठेवते, कारण दोन दिवसांनी मीच त्याच्यावर झाकण ठेवीन. ओळखते मी मला.

२२ जाने., गुरु.

अर्धी रजा टाकून संस्थेच्या ऑफिसात गेले.

सेक्रेटरी: “या या वैनी, बसा. चहा सांगतो.”

इथे मी वैनी नाही, शिक्षिका आहे, असं मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, “चंदगडला मी जाणार आहे. माझा होकार आहे. नकार कधीच नव्हता.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, वर उचललं. “तसं असंल तर आनंदच हाय की. पन विलासराव म्हणत हुते...”

“ते तुमच्या संस्थेत नोकरीला नाहीत.”

“न्हाय, तसं न्हाय वैनी. आमचं म्हणणं, घरात वाद नको. म्या एकदा त्यांच्याशी बोलून घेतो. सव्वीस जानेवारी झाली की ऑर्डर काढतो. तुमची न्हायतर चौगुल्यांची.”

म्हणजे माझा होकार नवऱ्याच्या तव्यावर पुन्हा एकदा परतून मगच यांना चालणार. समोर बसलेल्या बाईच्या तोंडातून निघालेलं यांना कच्चं लागतं. हे बोलले नाही. बोलायला हवं होतं. चहा मात्र घेतला नाही.

२३ जाने., शुक्र.

सकाळी वि. ला सांगितलं, काल ऑफिसात जाऊन होकार देऊन आले. तो बुटाची लेस बांधत होता. बांधून झाली, सोडली, परत बांधली.

मग म्हणाला, “मग म्या एकटा?”

चीड आली, आणि कीवही. हे एवढं एक वाक्य तो नऊ तारखेला म्हणाला असता, तर मी समोर बसून बोलले असते. दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं. एकटं वाटेल म्हणायला लाज वाटली आणि माझी कंबर पुढे केली!

मी म्हटलं, “सेक्रेटरींचा फोन येईल तुम्हाला. खरं काय ते सांगा.”

किल्ल्या उचलून गेला. दुकानात जेवायला डबा न्यायचा विसरला. पाठवला नाही मी.

रात्री मनूचा फोन. सगळं ऐकून म्हणाली, “आई, तू बाबांना ओरडून सांग ना.” ओरडून काय, तो हात वर करतो आणि झाकण ठेवतो.

२५ जाने., रवि.

आज मटण नाही. वि. नं सकाळी पिशवीच घेतली नाही, टीव्हीसमोर बसून राहिला. मीही विचारलं नाही. फ्रीजरमधले कुप्याचे शेवटचे दोन तुकडे मी काल खाली काढून ठेवले होते.

दुपारी तवा ठेवला. ठरवलं, आधी माझा, मग वाटलं तर त्याचा. धूर निघाला, माझा तुकडा टाकला, आणि वि. चा मोबाईल वाजला. टेबलावर उताणा पडलेला, नाव इथूनच वाचता आलं. सेक्रेटरी.

वि. नं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उचलला. “हां, बोला सायेब... व्हय... हाय की घरातच...” मग नुसता ऐकत राहिला. मी मासा पलटला.

“एक मिनिट थांबा,” म्हणाला आणि फोन छातीशी दाबून धरला. स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारतो, “काय सांगू?”

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं. लोकांना वाटेल मी विरघळले असेन. उलट डोक्यात आग गेली. अजून विचारतोय! मी काय म्हणाले ते याला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, चौगुल्यांना माहीत आहे.

“मी सांगितलंय तेच सांग. वर काही घालू नकोस.”

सांग. सांगा नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, आणि दोघांनाही ऐकू आलं. वि. चे कान लाल झाले. मला वाटलं आता फोन ठेवेल, किंवा माझ्यावर ओरडेल. फोन तसाच छातीशी धरून गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

मागे जावंसं वाटलं. पायही उचलला होता. पण तव्यावर मासा होता, अजून थोडा वेळ गेला असता तर तोही गेला असता. आणि गॅलरीत जाऊन मी करणार काय, कान लावून उभी राहणार? माझं सांगून झालंय.

गॅस बंद केला. तुकडा ताटलीत काढला, आडवा कापला. मधे गुलाबी पट्टी. मीठ थोडं कमी होतं. ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ला, गरम. कुणी हात लावला नाही.

आता टेबलाशी बसून हे लिहितेय. दार अजून ओढलेलंच आहे. त्याचा आवाज येतोय, बराच वेळ बोलतोय, शब्द एकही कळत नाही. त्याचा तुकडा तव्याशेजारी ताटलीत पडलाय, मीठ लावलेला, कच्चा. तो मी भाजणार नाही.